नारळाची यादी

पंढरपुरात कुठलंही काम काल्याशिवाय संपत नाही. सप्ताह असो, पारायण असो की चातुर्मासातलं प्रवचन, शेवटी काल्याचं कीर्तन होणार, दह्यात कालवलेल्या लाह्या हातावर पडणार आणि मग नारळ दिले जाणार. आषाढीची एवढी मोठी यात्रा, पण तीसुद्धा एकादशीला संपत नाही. पौर्णिमेला संतांच्या पालख्या गोपाळपूरला जातात, तिथे काला होतो, तेव्हा कुठे परतीची वाट धरली जाते. काम संपलं हे सगळ्यांनी एकत्र येऊन म्हणायचं, आणि म्हणताना ज्यांच्या हातून ते झालं त्यांच्या हातात काहीतरी ठेवायचं, हे आम्ही पंढरपूरकर लहानपणापासून बघत आलो.

आमच्या घरात नारळापेक्षा मोठा मान होता नारळाच्या यादीला. वाड्यातल्या मारुतीपुढे दर वर्षी सप्ताह बसायचा आणि व्यवस्था आजोबांकडे असायची. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं ते जपून ठेवत. पाठकोऱ्या बाजूवर रेघा मारून तीन रकाने करायचे: नाव, सेवा आणि खूण. 'सेवा'च्या रकान्यात फक्त कीर्तन, मृदंग, गायन एवढंच नसे. पाणी नदीवरून आणणे, गॅसबत्तीच्या काचा पुसणे, चपला सांभाळणे, पहाटे काकड्याला लोकांना उठवणे, पंगतीत मीठ वाढणे हेही असे. मीठ वाढणारा पोरगा आठ-नऊ वर्षांचा असला तरी त्याचं नाव वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट लिहिलेलं असायचं.

काल्याच्या दिवशी आजोबा ती यादी उभे राहून वाचत. आधी पूर्ण नाव, मग सेवा. ती व्यक्ती पुढे आली की बुक्का लावायचा, नारळ द्यायचा आणि खुणेच्या रकान्यात टिंब करायचं. या वाचनातला एक क्षण मला फार आवडायचा. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. अहोरात्र कोणीतरी ती गळ्यात घालून उभं राहतं, दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. सगळ्यात अवघड पहारा रात्री दोन ते चारचा. त्या वेळी अख्खा वाडा झोपलेला. मुखाने नाम, हातात वीणा, डोळ्यांवर झोप, आणि समोर बघायला कोणी नाही. काल्याच्या दिवशी आजोबा खणखणीत आवाजात म्हणायचे, "वीणा, रात्रीचा दोन ते चारचा पहारा." आणि एखादा लाजरा हमालीकाम करणारा माणूस टोपी सारखी करत पुढे यायचा. आपण झोपलो होतो तेव्हा जागं कोण होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळायचं.

आजीचं मात्र या यादीबद्दल एक म्हणणं होतं. महाप्रसादाची पंगत दुपारी उठायची, त्यानंतर नारळ वाटले जायचे आणि मंडळी पांगायची. मागच्या अंगणात तेव्हा खरं काम सुरू झालेलं असे. करपलेल्या बुडाची पातेली, हंडे, परातींचा ढीग. दोन बायका राख आणि काथ्या घेऊन बसलेल्या. त्यांचं काम उरकेपर्यंत देवापुढे दिवा लागायचा. आजी दोन नारळ आधीच कोनाड्यात काढून ठेवायची. शेवटचं पातेलं पालथं पडलं की त्या दोघींना हळद-कुंकू लावून, नावाने हाक मारून नारळ द्यायची. एकदा ती आजोबांना म्हणाली, "अहो, तुमची यादी दुपारी संपते, काम दिवेलागणीला संपतं."

आजोबांनी ते मनावर घेतलं. पुढच्या वर्षी त्या दोघींची नावं यादीत आली, वाचलीही गेली. पण ती वाचली गेली तेव्हा त्या मागच्या अंगणात भांड्यांपाशीच होत्या. आपलं नाव चारचौघांत घेतलं गेलं, हे त्यांनी ऐकलंच नाही.

आजीचं ते बोलणं मला आयुष्यभर पुरलं. समारोप म्हणून आपण जो काही समारंभ करतो, तो नेहमीच शेवटच्या कामाच्या आधी होतो. भाषणं होतात, फुलं दिली जातात, माणसं घरी जातात. आणि मग कोणीतरी खुर्च्या उचलतं, मांडव सोडवतं, झाडू घेतं. शेवटची माणसं यादीतून गळतात, ती कोणाच्या मनात वाईट असतं म्हणून नव्हे. यादी बंद होते तेव्हा त्यांचं काम सुरूच झालेलं नसतं.

यादीशी माझी दुसरी गाठ पडली ती १९७२च्या दुष्काळात. सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. सांगोला, मंगळवेढ्याकडे माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती वाहायला येत होती. मी नुकताच शिक्षण संपवून मस्टर कारकून म्हणून मंगळवेढा तालुक्यातल्या अशाच एका कामावर लागलो. मस्टर म्हणजे मजुरांच्या हजेरीचा कागद. नाव, गाव, पुढे दिवसांचे चौकोन आणि शेवटी अंगठा. पगाराच्या दिवशी मी नावं पुकारायचो आणि माणसं रांगेतून पुढे यायची. आजोबांच्या यादीचा सराव इथे कामी आला. नाव पुरतं आणि स्पष्ट घ्यायचं, घाई करायची नाही, मान वर करून माणसाकडे बघायचं.

बायकांची नावं लिहून घेताना अडचण यायची. त्या स्वतःचं नाव सांगतच नसत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं कोणी कधी विचारलेलं नाही. एक म्हातारी आठवते. बराच वेळ ती नुसती उभी राहिली. शेवटी शेजारणीने तिच्या कानाशी जाऊन विचारलं आणि मला सांगितलं. मी ते लिहिलं, तिला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे मी?" मी हो म्हटलं. त्यानंतर पगाराच्या दिवशी तिचं नाव पुकारलं की ती मागच्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने "हाय!" म्हणायची. दुपारी मजुरांना खायला सुकडी वाटायला सुरुवात झाली की दमलेल्या रांगेतून हसू फुटायचं, पण तिच्या त्या "हाय!"मध्ये जे होतं ते सुकडीच्या वेळीही मी कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही.

तो तलाव झाला. कार्यक्रम झाला, भाषणं झाली, योग्य त्या माणसांचे हार-तुरे झाले. कोनशिलेवर कोणाची नावं असतात हे सगळ्यांना माहीत आहे. माती वाहणाऱ्यांची नावं मस्टरवर होती, आणि मस्टरं गठ्ठ्यात बांधून दप्तरात गेली. दप्तरातल्या कागदालाही मुदत असते. ती संपली की तो नष्ट करतात. त्या तलावाखालच्या विहिरींना पुढे पाणी वाढलं. पाणी कोणाच्या घामाचं, हे सांगणारा कागद मात्र उरला नसावा.

मंगळवेढ्याला राहत असताना संत चोखोबांची गोष्ट मला नव्याने कळली. पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाच्या महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तिच्यापुढून आम्ही लहानपणापासून जात-येत होतो. पण चोखोबा गेले ते मंगळवेढ्याला, मजुरीच्या कामावर. गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ची ही घटना मानतात. परंपरा सांगते की पुढे नामदेव महाराज मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातल्या अस्थींना कान लावला, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरीला आणून महाद्वारी समाधी दिली. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्यासाठी एक माणूस उन्हातून मैलोन् मैल चालत गेला आणि त्याने मातीतून त्यांना वेचून आणलं. काम अर्धवट राहिलं, भिंत पडली, समारोपाचा प्रश्नच नव्हता. तरी हिशेब मिटवायला कोणीतरी गेलं. मी ज्या तालुक्यात माती वाहणाऱ्यांची नावं लिहीत होतो, तिथेच हे घडलं होतं. आणि चोखोबांबरोबर त्या भिंतीखाली जे गेले, त्यांची नावं कोणापाशीच नाहीत, हेही मला तिथेच पहिल्यांदा बोचलं.

नावं टिकवायचीच म्हटलं तर ती किती टिकतात, याचा दाखला विठ्ठलाच्या देवळातच आहे. चौऱ्यांशीचा शिलालेख. भाविक त्याला पाठ घासतात. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा. मीही लहानपणी आईच्या सांगण्यावरून पाठ लावली आहे. त्या दगडावर काय लिहिलंय हे मात्र फार उशिरा कळलं, ग. ह. खरे यांच्यासारख्या इतिहास संशोधकांनी पंढरपूरच्या लेखांवर जे काम केलं त्यातून. तो लेख म्हणजे यादी आहे! यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातली, शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या वर्षांतली. विठ्ठलाच्या देवळासाठी कोणी काय दिलं, त्याची ती नोंद. राजाचं नाव आहे, त्याचा मंत्री हेमाद्री आहे, पण तेवढ्यावर लेख थांबत नाही. लांबलांबच्या लहानमोठ्या दात्यांची नावं आणि त्यांची दानं त्यात आहेत. आजोबांच्या यादीतले रकाने सातशे वर्षांपूर्वी दगडावर आखलेले होते.

शतकानुशतकं पाठी घासून त्यातली अक्षरं झिजली. कोणाला त्याचं दुःख वाटेल, मला वाटत नाही. आपण कोणाच्या नावावर पाठ टेकवतोय हे न कळता लाखो माणसं त्या दात्यांना भेटून गेली. पण मला मोल वाटतं ते त्या कोरणाऱ्याच्या निश्चयाचं. 'अनेकांनी मदत केली' एवढं कोरून त्याला मोकळं होता आलं असतं. टाकीचे घावही वाचले असते. तसं त्याने केलं नाही.

त्याच रामचंद्रदेवाच्या काळात, शके १२१२ साली, म्हणजे इसवी सन १२९०मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. पसायदान सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढच्या ओव्या फार कमी जण वाचतात. त्यात ग्रंथ कुठे झाला, कोणत्या राजाच्या काळात झाला, कोणत्या शकात झाला हे येतं, आणि येतं सच्चिदानंदबाबांचं नाव. ज्ञानदेव सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. विश्वासाठी मागणं मागून झाल्यावर लिहिणाऱ्याची आठवण ठेवणारा तो ग्रंथ आहे. एवढ्या उंचीवरून खाली येऊन एका माणसाचा हात धरावा, याहून मोठा समारोप मराठीत मला माहीत नाही.

पंढरपूरच्या अलीकडच्या इतिहासातही असाच एक हात आहे. १९४७ साली साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून इथे प्राणांतिक उपोषण केलं. १ मे ते १० मे. मंदिर उघडलं, आणि ते गुरुजींचं पुण्य म्हणून आपण सांगतो, ते खरंच आहे. पण गुरुजी उपोषणाला बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात. गाव तापलेलं असताना आपल्या मठाचं दार उघडून देणं सोपं नव्हतं. गुरुजींची गोष्ट सांगताना जागा देणाऱ्याचं नाव घेतलं नाही, तर ती गोष्ट अपुरी राहते.

नावं घेण्याच्या या आग्रहावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो आमच्याच वारकरी संप्रदायातला आहे. सेवा करणाऱ्याने नावाची आस धरू नये. पांडुरंगाने बघितलं, बस्स. नामदेव महाराजांनी तर महाद्वाराची पायरी होणं मागून घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागावेत एवढीच इच्छा. हे सगळं मला मान्य आहे. पण ती शिकवण सेवा करणाऱ्यासाठी आहे. ज्याने सेवा घेतली त्याने तिचा आधार घेऊन गप्प बसू नये. नामदेवांनी पायरी होणं मागितलं, म्हणून आपण तिच्यावर पाय देत नाही. वाकून हात लावतो, बाजूने जातो. त्यांनी मान मागितला नाही, आपण तो दिल्याशिवाय आत जात नाही. पंढरपूरची रीत ही अशी आहे.

आणि योग्य वेळ कोणती, हेही ही रीत दाखवते. ज्ञानोबारायांची पालखी पंढरपूरहून परत निघते तेव्हा परतवारीला माणसं थोडी असतात. बहुतेकांनी एसटी नाहीतर रेल्वे धरलेली असते. पालखी आळंदीला पोचल्यावर हजेरी मारुतीच्या देवळात दिंड्यांची हजेरी होते, नारळप्रसाद दिला जातो. आषाढी एकादशीच्या गर्दीत नव्हे; जाणं आणि येणं दोन्ही झाल्यावर.

इथे पंढरपुरात तर देवाचाच शीण काढतात. आषाढी-कार्तिकीच्या काळात दर्शन अहोरात्र चालू असतं. देवाचा पलंग काढून ठेवतात, उभ्या देवाच्या पाठीशी लोड देतात, शेजारती होत नाही. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. मंदिर धुऊन काढतात, देवाला आणि रखुमाईला ऊन पाण्याने स्नान घालतात, दर्शनाचे हात लागून लागून दमलेल्या पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. काढा करतात हे ऐकलं की बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं. मला त्यात फार मोठं शहाणपण दिसतं. तू उभा होतास, आम्ही झोपलो तरी तू उभा होतास, हे आम्हाला माहीत आहे, असं देवाला सांगायला या गावाने एक दिवस राखून ठेवला आहे. रात्री दोन ते चारचा पहारा देणाऱ्याला आजोबांनी तेच सांगितलं होतं.

मग मनात येतं, प्रक्षाळपूजेच्या त्याच दिवसांत नदीच्या वाळवंटात, घाटांवर, वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या पासष्ट एकर तळावर हातमोजे घालून, कधी हातमोज्यांशिवायही, सफाई कामगार यात्रेनंतरचं पंढरपूर उचलत असतात. गर्दी गेली, कॅमेरे गेले, बंदोबस्त उठला. गाव पुन्हा राहण्याजोगं होतं ते यांच्यामुळे. त्यांची प्रक्षाळपूजा कोणी करायची? देवाच्या शिणाची ज्याला जाण आहे त्या गावाला हा प्रश्न टाळता येणार नाही. जनाबाईच्या जात्याला गोपाळपुरात आपण नमस्कार करतो. दळणकांडण, झाडलोट करणाऱ्या बाईला संत म्हणून डोक्यावर घेणारी ही भूमी आहे. इथे झाडू हातात असलेल्या माणसाला नावाने ओळखणं जड जाऊ नये.

आमचा सप्ताह अजून होतो. व्यवस्था आता तरुण मुलं बघतात, यादीचं काम त्यांनी माझ्याकडे ठेवलंय. त्यात आम्ही एक बदल केला आहे. कीर्तनकार महाराजांचा आणि मृदंगमणींचा मान काल्यादिवशीच होतो. त्यांना पुढच्या गावी जायचं असतं. बाकीचे नारळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देतो. मांडव उतरलेला असतो, भाड्याची भांडी मोजून परत गेलेली असतात, रस्ता धुतलेला असतो. लोक कमी जमतात, हे खरं. पण जे येतात त्यांच्यात भांडी घासणाऱ्या बायका असतात, मांडव सोडवणारी पोरं असतात, घंटागाडीवरचा माणूस असतो. आजीने कोनाड्यात ठेवलेले ते दोन नारळ आता सगळ्यांबरोबर दिले जातात.

गेल्या वर्षी यादी लिहायला मी नवव्या इयत्तेतल्या एका मुलीला बरोबर घेतलं. पहिल्या दिवशी ती वही घेऊन प्रत्येकाला विचारत फिरली, "तुम्ही काय काम केलंत, आजोबा?" "तुमचं काय लिहू, काकू?" सगळ्यांचं उत्तर एकच: "काही नाही गं, असंच." वही कोरी घेऊन ती परत आली आणि हिरमुसली. मी तिला सांगितलं, कोणी स्वतःचं सांगणार नाही. तू पहाटे काकड्याला ये, दुपारी चुलीपाशी बस, रात्री एकदा जागी राहून वीणा कोणाच्या गळ्यात आहे ते बघ. तिने तसंच केलं. सातव्या दिवशी तिच्या वहीत माझ्या यादीत नसलेलीही नावं होती. पाण्याच्या टाकीवर झाकण घालायला रोज न चुकता येणारा एक शाळकरी मुलगा त्यात होता.

आभार शेवटच्या दिवशी मानतात, पण त्याची तयारी पहिल्या दिवशी सुरू होते. माणसं राबत असताना ज्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडे समारोपाला सांगण्यासारखं काही नसतं. मग तो 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' म्हणतो आणि मोकळा होतो. कामावरचा अज्ञात माणूस म्हणजे आपण न विचारलेला माणूस. घर बांधा, पुस्तक काढा, संस्था चालवा किंवा लग्नकार्य उरका, ज्याच्या हाती कामाची सूत्रं आहेत त्याने नावांची वही पहिल्या दिवशी उघडावी आणि शेवटचं पातेलं पालथं पडेपर्यंत मिटू नये.